बेरीज-गुणाकाराचे गुणधर्म नीट वापरायचे कसे: टप्प्याटप्प्याने, चुकांसकट

सहावी-सातवीतल्या मुलाला विचारा, क्रमनिरपेक्षता म्हणजे काय, तो धाडकन सांगतो अ + ब = ब + अ. आणि पुढच्याच मिनिटाला तोच मुलगा ३ − ८ चं उत्तर ५ लिहितो, ५ × (२० + ३) चं १०३ लिहितो आणि −(क्ष − ३) सोडवताना −क्ष − ३ करून मोकळा होतो. व्याख्या पाठ असते, मार्कपण मिळतात, पण गणित करताना तिचा काही उपयोग होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक गुणधर्म ही एक परवानगी आहे. अमुक क्रियेत अमुक गोष्ट हलवली तरी उत्तर बदलणार नाही, एवढीच ती परवानगी. जवळजवळ सगळ्या चुका ही परवानगी जिथे मिळालेलीच नाही तिथे वापरल्याने होतात. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यात आधी काय चालतं ते आहे, आणि लगेच कुठे चालत नाही तेही आहे. हा दुसरा भाग वगळू नका, शाळेत नेमका तोच राहतो.

(पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे अ, ब, क आणि क्ष वापरतोय.)

सुरू करण्याआधीची तयारी

चौकटीची वही, पेन्सिल आणि वीस-तीस चिंचोके (खडे, बटणं काहीही चालेल). मुलाला दहापर्यंतचे पाढे येत असले की पुरे. टप्पा ५ साठी ऋण संख्या आणि अपूर्णांक माहीत हवेत, मूल तिसरी-चौथीत असेल तर तो टप्पा सोडून थेट ६ वर जा, काही बिघडत नाही.

कॅल्क्युलेटर फक्त उत्तर तपासायला. त्यातही एक लक्षात ठेवा, दुकानात असतो तो साधा कॅल्क्युलेटर २ + ३ × ४ दाबलं की २० दाखवतो कारण तो जसं दाबाल तसं लगेच करत जातो, आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर १४ दाखवतो. बरोबर उत्तर १४. पोराने साध्या कॅल्क्युलेटरवर तपासून स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं असं बऱ्याचदा होतं.

आणि सगळे गुणधर्म एकाच दिवशी एका तक्त्यात देऊ नका. तक्ता पाठ होतो आणि नावांची खिचडी होते. एक टप्पा पक्का झाला की मगच पुढचा.

टप्पा १: हात लावायच्या आधी चिन्हं बघा

गणित समोर आलं की पहिलं काम म्हणजे त्यात कोणकोणत्या क्रिया आहेत हे तोंडाने म्हणायचं. "यात फक्त बेरीज आहे." "यात गुणाकार आणि बेरीज दोन्ही आहे." "यात वजाबाकी लपलीय." हे बालिश वाटेल, पण खालच्या निम्म्या चुका इथेच अडतात.

मिश्र गणित असेल तर बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांपाशी तुकडे पाडा. उदाहरणार्थ ६ × ५ + ८ × २ मध्ये दोन तुकडे आहेत, ६ × ५ आणि ८ × २. प्रत्येक तुकडा आतल्या आत सोडवायचा आणि मग जोडायचा, ३० + १६ = ४६. मधलं ५ + ८ आधी करायची परवानगी कुणीच दिलेली नाही.

*चेक:* मुलाला ४ + ३ × २ मधले तुकडे दाखवायला सांगा. ४ हा एक आणि ३ × २ हा दुसरा. ४ + ३ ला त्याने गोल केला तर इथेच थांबा, पुढे जाऊ नका.

टप्पा २: क्रमनिरपेक्षता, म्हणजे जागा बदलणं

चिंचोक्यांच्या ३ ओळी मांडा, प्रत्येक ओळीत ४. मोजा, १२. आता चिंचोके न हलवता मुलाला उठवून टेबलाच्या बाजूला बसवा. त्याला आता ४ ओळी दिसतायत, प्रत्येकीत ३. एकही चिंचोका हलला नाही, म्हणजे ३ × ४ आणि ४ × ३ सारखेच असणार, आणि हे कुठल्याही दोन संख्यांसाठी होणार हे मुलाला आपोआप कळतं. बेरजेला तर एवढंही लागत नाही, दोन ढीग आहेत, आधी हा मोजा नाहीतर तो मोजा.

लगेच याचा फायदा दाखवा. सात अठ्ठे छप्पन्न येत असेल तर आठ सत्ते वेगळं पाठ करायची गरज नाही. २ ते ९ च्या पाढ्यांत दोनपासून नऊपर्यंतचे ६४ गुणाकार असतात, त्यातले वेगवेगळे फक्त ३६. पाढ्यांना घाबरणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी सूट आहे, आणि ती कुणी सांगत नाही.

*सावधान:* वजाबाकी आणि भागाकाराला ही परवानगी नाही. ८ − ३ = ५ पण ३ − ८ = −५. १२ ÷ ४ = ३ पण ४ ÷ १२ म्हणजे एक तृतीयांश. लहान वर्गात "मोठ्यातून लहान वजा करा" असं सांगितलेलं असतं, तिथूनच ही चूक येते. उभ्या मांडणीत ५२ − ३७ करताना मूल एककात ७ मधून २ वजा करून २५ लिहितं (बरोबर उत्तर १५), तेव्हा ते दशक सुटा करायला विसरलं असं आपल्याला वाटतं, खरं तर त्याने मनातल्या मनात वजाबाकीला क्रमनिरपेक्ष मानलेलं असतं. हातचा पुन्हा शिकवून उपयोग नाही, ३ − ८ आणि ८ − ३ यातला फरक संख्यारेषेवर दाखवा.

आणि हो, एक गोष्ट मोठ्या मुलांना आवर्जून सांगा. दहा उदाहरणं जुळली म्हणून गुणधर्म सिद्ध होत नाही, पण न जुळणारं एकच उदाहरण मिळालं की तो संपला. वजाबाकीत ५ − ५ घेऊन "बघा, उलटं केलं तरी तेच" म्हणणारी मुलं असतात. त्यांना ८ आणि ३ घ्यायला लावा.

टप्पा ३: साहचर्य, म्हणजे कंस सरकवणं

तीन संख्या आहेत, आधी कोणत्या दोघींची जोडी लावायची एवढाच प्रश्न. (७ + ६) + ४ करा नाहीतर ७ + (६ + ४) करा, उत्तर १७ च. दुसरं सोपं आहे कारण आत १० तयार होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो टप्पा २ आणि ३ च्या नावांत. फरक ओळखायची एकच खूण ठेवा, डावीकडून उजवीकडे फक्त संख्या वाचा. दोन्ही बाजूंना संख्या त्याच क्रमाने आल्या आणि फक्त कंस हलला तर साहचर्य. संख्यांचा क्रम बदलला तर क्रमनिरपेक्षता. आता हे बघा:

(२ + ३) + ४ = ४ + (२ + ३)

कंस दिसला की पोरं डोळे मिटून साहचर्य लिहितात. पण वाचा: २, ३, ४ आणि दुसरीकडे ४, २, ३. कंसातली जोडी फुटलेलीच नाही, ती आख्खी उचलून पलीकडे ठेवलीय. हे क्रमनिरपेक्षतेचं उदाहरण आहे.

प्रत्यक्षात दोन्ही गुणधर्म हातात हात घालून चालतात. २५ × १७ × ४ तोंडी कसं करायचं, तर २५ चोक १०० आणि १०० × १७ = १७००. हे आपण एका झटक्यात करतो, पण आत काय काय झालं ते एकदा तरी सुटं करून लिहायला लावा:

(२५ × १७) × ४
= २५ × (१७ × ४) … साहचर्य, कंस सरकला
= २५ × (४ × १७) … क्रमनिरपेक्षता, कंसाच्या आत जागा बदलल्या
= (२५ × ४) × १७ … पुन्हा साहचर्य
= १०० × १७ = १७००

असं पाच-सहा गणितांना कारणासकट लिहिलं की मग आयुष्यभर लिहायची गरज नाही. पुढे "फक्त गुणाकार असेल तर कशाही जोड्या लावा, फक्त बेरीज असेल तर कशाही जोड्या लावा" एवढं पुरतं. "फक्त" या शब्दावर जोर.

*सावधान:* (२० − ८) − ५ = ७ पण २० − (८ − ५) = १७. तसंच (२४ ÷ ४) ÷ २ = ३ पण २४ ÷ (४ ÷ २) = १२. वजाबाकी-भागाकारात कंस सरकवला की उत्तर हललंच म्हणून समजा.

टप्पा ४: ० आणि १

हा टप्पा छोटा आहे पण बीजगणितात याच्यावरून फार घसरगुंडी होते. बेरजेत ० मिळवला तर संख्या तशीच राहते, गुणाकारात १ ने गुणलं तर तशीच राहते. पुस्तकात यांना अविकारक म्हणतात. चुका तीन प्रकारच्या दिसतात.

पहिली, ७ × ० = ७. मुलाच्या डोक्यात "शून्याने काही फरक पडत नाही" एवढंच राहिलेलं असतं, कुठल्या क्रियेत ते राहिलेलं नसतं. सात रिकाम्या वाट्या मांडा आणि चिंचोके किती ते विचारा.

दुसरी, ५क्ष + क्ष = ५क्ष² किंवा नुसतं ५क्ष. इथे लपलेला १ दिसलेला नाही. क्ष म्हणजे १ × क्ष, म्हणून ५क्ष + १क्ष = ६क्ष. सुरुवातीचे काही दिवस तो १ पेन्सिलीने लिहूच द्या, कुणी चूक म्हणणार नाही.

तिसरी म्हणजे २/३ ला ८/१२ करताना "वर-खाली ४ ने गुणा" हा मंत्र म्हटला जातो, पण का चालतं हे माहीत नसतं, मग तेच मूल वर-खाली ४ मिळवूनही बघतं. ४/४ म्हणजे १, आणि १ ने गुणलं की किंमत बदलत नाही, बस. वर-खाली ४ मिळवणं म्हणजे १ ने गुणणं नव्हे, त्यामुळे ती परवानगी नाही. २/३ चं ६/७ होतं आणि ६/७ हे २/३ पेक्षा मोठं आहे.

टप्पा ५: उलट संख्या, आणि कंचेभागुबेवचा घोळ

कुठल्याही संख्येत तिची विरुद्ध संख्या मिळवली की ० येतो: ९ + (−९) = ०. शून्य सोडून कुठल्याही संख्येला तिच्या गुणाकार व्यस्ताने गुणलं की १ येतो: ५ × १/५ = १. शून्याला व्यस्त नसतो कारण शून्याला कशानेही गुणा, १ कधीच मिळणार नाही. शून्याने भागायचं नाही हा नियम इथूनच येतो.

याचा खरा उपयोग कुठे, तर वजाबाकीची बेरीज करता येते. १० − ४ म्हणजे १० + (−४). एकदा असं लिहिलं की सगळी बेरीजच झाली आणि टप्पा २-३ च्या परवानग्या परत मिळाल्या, फक्त वजाचं चिन्ह त्या संख्येला चिकटून तिच्याबरोबर फिरायला हवं.

आता कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हे आपण सगळेच घोकलोय. पण "बे" आधी आणि "व" नंतर असं शब्दशः घेतलं की हे होतं:

१० − ४ + ३ → ४ + ३ = ७ → १० − ७ = ३ (चूक)

बरोबर असं: १० + (−४) + ३ = ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून उजवीकडे करत जायचं. आणि बेरीज आधीच करायची असेल तर १० + ३ + (−४) करा, १३ − ४ = ९ च येतं. म्हणजे बेरीज आधी करणं चुकीचं नव्हतं, वजाचं चिन्ह ४ पासून सोडवून ४ + ३ ची जोडी लावणं चुकीचं होतं. भागाकार-गुणाकाराचंही तसंच: २४ ÷ ४ × २ म्हणजे २४ × १/४ × २ = १२. आधी ४ × २ केलं तर ३ येतं, ते चूक.

*चेक:* १५ − ६ + २ − १. उत्तर १०. ६ किंवा ८ आलं तर चिन्ह चिकटवायचं राहिलंय.

टप्पा ६: वितरण, इथे वेळ द्या

आतापर्यंतच्या प्रत्येक गुणधर्मात एका वेळी एकच क्रिया होती. बेरीज आणि गुणाकार यांना एकमेकांशी जोडणारा हा एकच आहे, म्हणून सगळ्यात जास्त कामाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा.

चौकटीच्या वहीत ७ चौकटी उभा आणि २३ आडवा आयत काढा. २० नंतर एक उभी रेघ मारा. डावीकडे ७ × २० = १४०, उजवीकडे ७ × ३ = २१, एकूण १६१. म्हणजे ७ × (२० + ३) = ७ × २० + ७ × ३. उजवीकडच्या भागाची उंचीपण ७ च आहे हे बोटाने दाखवा, कारण चूक नेमकी तिथेच होते. मूल ७ × २० करतं आणि ३ नुसते मिळवतं, १४३.

संख्या फोडायची सवय इथे लागते. ४७ म्हणजे ४० + ७ हे ज्याला पटकन दिसतं त्याला तोंडी हिशोब जड जात नाही. (२०१९ साली दुसरीच्या बालभारतीत "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, पण संख्या फोडून दिसायला त्याने मदत होते असं मला वाटतं.) फोड बेरजेचीच हवी असंही नाही, ६ × ९८ करताना ६०० − १२ = ५८८ सगळ्यात सोपं.

आता आपला उभा गुणाकार बघा, ३४ × २६. पहिली ओळ ३४ × ६ = २०४. दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात फुली किंवा शून्य देऊन ६८ लिहितो. ती फुली का, हे विचारा. "बाईंनी सांगितलंय" हे उत्तर येतं. खरं कारण वितरण: ३४ × २६ = ३४ × ६ + ३४ × २०, म्हणजे दुसरी ओळ ६८ नाहीच, ६८० आहे. २०४ + ६८० = ८८४. फुली विसरली की २०४ + ६८ = २७२ येतं. अंदाज लावायची सवय असेल तर ३० × २५ च ७५०, मग २७२ कसं येईल हे मुलालाच कळतं.

उलट दिशापण तेवढीच शिकवा. ३७ × ४८ + ३७ × ५२, दोन मोठे गुणाकार करत बसू नका, ३७ सामाईक काढा, ३७ × १०० = ३७००. वह्या ४५ ची एक आणि पेन १५ चा एक, दोन्ही आठ-आठ घेतले तर ८ × ६० = ४८०, दुकानदार असंच करतो.

या टप्प्यातल्या चुका, जशा वहीत दिसतात तशा:

१. −(क्ष − ३) = −क्ष − ३. कंसाबाहेर नुसतं वजा नाही, −१ आहे (टप्पा ४ मधला लपलेला १), आणि तो दोघांनाही गुणणार: −क्ष + ३. तपासायला क्ष = १० घाला: −(१० − ३) = −७. चुकीचं उत्तर −१३ देतं, बरोबर −७ देतं. किंमत घालून बघणं हा बीजगणितातला सगळ्यात स्वस्त चेक आहे, आणि मुलं तो वापरतच नाहीत.

२. ५ × (३ × ४) = १५ × २०. कंसात बेरीज नाही, गुणाकार आहे, इथे वितरण लागूच नाही. साहचर्य लावा, उत्तर ६०. टप्पा १ टाळला की हे होतं.

३. २ + (३ × ४) ला (२ + ३) × (२ + ४) करणं. एकीकडे १४, दुसरीकडे ३०. गुणाकार बेरजेवर वाटला जातो, बेरीज गुणाकारावर वाटली जात नाही.

४. ६० ÷ (६ + ४) ला १० + १५ करणं. उत्तर ६ आहे. भाज्य फोडलेला चालतो, (६० + १२) ÷ ६ = १० + २ बरोबर. भाजक फोडलेला चालत नाही.

५. (अ + ब)² = अ² + ब². आठवी-नववीत ही चूक सगळीकडे. ३ आणि ४ घाला: ७² = ४९, आणि ९ + १६ = २५. वर्ग म्हणजे (अ + ब) × (अ + ब), वितरण दोनदा लावा: अ² + अब + बअ + ब². मग क्रमनिरपेक्षतेने बअ म्हणजे अबच, म्हणून मधलं २अब. सूत्र पाठ करायच्या आधी हे एकदा हाताने काढलं की २अब विसरत नाही.

टप्पा ७: कारण लिहून सराव

आठवडाभर रोज तीन-चार गणितं, प्रत्येक पायरीपुढे गुणधर्माचं नाव. जास्त नको, कंटाळा येतो. नाव लिहिता आलं नाही तर ती पायरी खोडायची, उत्तर बरोबर आलं असलं तरी. सुरुवातीला हे घ्या:

क) १२५ × ३९ × ८. १२५ आणि ८ एकत्र आणा, १००० × ३९ = ३९,०००. क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य.

ख) ४९ × १६. (५० − १) × १६ = ८०० − १६ = ७८४. वितरण. ८०० − १ = ७९९ आलं तर टप्पा ६ मधला आयत परत काढा.

ग) ६३ × १९ + ६३. उत्तर १२६०. इथे बरीच मुलं अडतात कारण दुसऱ्या ६३ पुढे काही दिसत नाही. तो ६३ × १ आहे, मग ६३ × (१९ + १) = ६३ × २०. अविकारक आणि वितरण, दोन्ही नावं लिहायला लावा.

घ) ५० − १८ + ८. उत्तर ४०. २४ आलं तर टप्पा ५ पुन्हा, आणि यावेळी वजाचं चिन्ह आणि १८ मिळून एकच गोल करायला सांगा.